तीनशे तासांच्या अभ्यासक्रमाचा आठ महिन्यांचा अनुभव

सीएफए (चार्टर्ड फायनान्शिअल अ‍ॅनालिस्ट) या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या लेव्हल वनच्या तयारीसाठी मी जानेवारीच्या अखेरीस १९,००० रुपये भरून एका कंपनीचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. प्रत्येक लेव्हलसाठी साधारण ३०० तास अभ्यास करावा असे सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच सुचवते. या अभ्यासक्रमाच्या अ‍ॅपने त्याच आकड्यापर्यंत अभ्यासाचे तास मोजणारे मीटर पडद्याच्या कोपऱ्यात लावले आहे. माझी मुख्य तक्रार त्या मीटरबद्दलच आहे.

मी कासारवडवलीला राहते आणि नोकरी बेलापूरला करते. परीक्षा ऑगस्टमध्ये असल्याने हाती २८ आठवडे होते, म्हणजे आठवड्याला पावणेअकरा तास. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाडीत बसायला जागा मिळते, म्हणून एथिक्सचे (व्यावसायिक नीतिमत्तेचे) वाचन तिथे ठेवले. संध्याकाळी उभ्याने परतताना अभ्यास होत नाही, आणि अभ्यासाचे तास मी स्वतः ज्या वहीत लिहीत होते, तिच्यात तो वेळ कधीही धरला नाही. रविवारी घराजवळच्या अभ्यासिकेत पाच तास आणि उरलेला वेळ रात्री जेवणानंतर, असा क्रम शेवटपर्यंत टिकला.

पहिले दोन महिने मी या अभ्यासक्रमावर इतकी खूश होते की ऑफिसातल्या दोघींना तो घ्यायला सांगितले. शिकवणे स्पष्ट होते आणि मीटर वाढताना पाहून हुरूप येत असे. फिक्स्ड इन्कम, म्हणजे रोख्यांचा विषय, सुरू झाल्यावर मात्र वही आणि मीटर यांचा मेळ बसेना. ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी (व्याजदर बदलल्यावर रोख्याची किंमत किती बदलते, याची मापे) यांवरचा एक तासाचा व्हिडिओ मी थांबवत थांबवत, कॅल्क्युलेटरवर प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवत पाहिला, त्याला तीन तास लागले. मीटरने एकच तास धरला. प्रश्नसंचावर घालवलेला वेळ तर ते धरतच नाही. उलट, आधी पाहिलेला व्हिडिओ पुन्हा नुसता चालू ठेवला, तर तो पूर्ण मोजला जातो. जुलै संपताना माझ्या वहीत ३०४ तास होते आणि मीटरवर १७१.

हा फरक केवळ दिसण्यापुरता असता, तर मी सोडून दिले असते. परंतु शेवटच्या तीन मॉक (सराव) परीक्षा मीटरवर ३०० तास भरल्याशिवाय उघडत नाहीत, हे मला तेव्हा कळले. मदत केंद्राला फोन केल्यावर उत्तर मिळाले, "मॅडम, रात्री व्हिडिओ चालू ठेवून झोपा, तास आपोआप भरतील." ज्या परीक्षेत १५ ते २० टक्के भार एथिक्सला आहे, तिच्या तयारीसाठी खोटे तास भरण्याचा सल्ला मिळावा, याचा मला मनापासून राग आला. मी तसे केले नाही. वहीच्या पानांचे फोटो जोडून तीन ईमेल पाठवल्या, आणि नवव्या दिवशी मॉक उघडल्या. तोवर परीक्षेच्या शुल्कातच मिळणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या मॉकवर मी काम भागवले होते.

याच काळात प्रश्नसंचाबद्दलचे माझे मत पूर्ण बदलले. सुरुवातीला मी त्याला दुय्यम मानत होते. शेवटच्या सहा आठवड्यांत तोच सर्वांत उपयोगी ठरला. चुकलेल्या प्रश्नाखाली योग्य उत्तराबरोबरच उरलेले दोन पर्याय का चुकीचे, हेही दिलेले असते. परीक्षेत १३५ मिनिटांची दोन सत्रे आणि प्रत्येकात ९० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट मिळते. तो वेग व्हिडिओ पाहून येत नाही, प्रश्न सोडवूनच येतो. इतके चांगले काम ज्या भागात आहे, त्याचाच वेळ कंपनीने अभ्यासात धरू नये, हे मला अजूनही पटत नाही.

वहीत अखेर ३३१ तास भरले. बी.कॉम. असल्याने फायनान्शिअल स्टेटमेंट अ‍ॅनालिसिस ३४ तासांत आटोपले. फिक्स्ड इन्कमला ५८ तास लागले, आणि दोन्हींचा परीक्षेतला भार सारखाच, ११ ते १४ टक्के आहे. अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्या माणसाची विभागणी कदाचित नेमकी उलटी होईल. म्हणून ३०० हा आकडा पाहताना आपला कोणता विषय कच्चा आहे, हे आधी तपासावे आणि त्या विषयाला महिनाभर आधी हात घालावा. मी फिक्स्ड इन्कम मे महिन्यापर्यंत लांबवले, त्यामुळे डेरिव्हेटिव्ह्ज घाईत उरकावे लागले.

परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झाले. ऑफिसातल्या त्या दोघींना मीटरबद्दलचा सगळा प्रकार सांगितला आहे, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवायलाही सांगितले आहे. लेव्हल टूसाठी फक्त प्रश्नसंच विकत मिळेल का, असे मी कंपनीला विचारले. व्हिडिओंसह पूर्ण अभ्यासक्रमच घ्यावा लागेल, असे उत्तर आले. त्या किमतीला मी तो घेणार नाही.