हजार मण्यांची माळ: घ्या, पण ठोकळा उचलून बघून

मुलांना एकक, दशक, शतक, हजार हाताने समजावेत म्हणून असलेला माँटेसोरी पद्धतीचा सोनेरी मण्यांचा संच घेताना आधी हजाराचा ठोकळा उचलून बघा. सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दशक, दहा कांड्यांचा चौकोन म्हणजे शतक, आणि असे दहा चौकोन एकावर एक बांधले की हजार. स्वस्तातला ठोकळा बऱ्याचदा पोकळ असतो, नाहीतर लाकडावर मणी नुसते छापलेले असतात. पोकळ ठोकळ्यात बाहेरून दिसतात तेवढेच, म्हणजे ४८८ मणी भरतात. शेजारी दहा चौकोन रचले की उंची जुळते, वजन जुळत नाही. मूल दोन्ही हातांत धरून बघतं आणि 'हे हजार नाहीत' म्हणतं. ते बरोबरच असतं. असला संच घेऊ नये.

दुसरी गोष्ट नगांची. प्रत्येकी ९ कांड्या आणि ९ चौकोन हा दाखवण्यापुरता संच झाला. १ ते ९ सगळ्या राशी एकदम मांडायच्या तर प्रत्येक जातीचे ४५ नग लागतात. तिघांनी मिळून चार अंकी बेरीज काढली की ९ कांड्या लगेच संपतात, पेढीत, म्हणजे सुटे मणी आणि कांड्या बदलून घ्यायच्या साठ्यात, बदलून द्यायला काही उरत नाही, आणि हातचा पुन्हा फळ्यावरच समजावावा लागतो. नग पुरेसे असले तर ७ आणि ५ मणी एकत्र करायचे, दहा मोजून पेढीत द्यायचे, एक कांडी आणायची आणि ती दशकांच्या घरात ठेवायची. हातचा खरोखर हातातून जातो.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात, म्हणून इथे या संचाची आणखी एक किंमत आहे. मराठीत आपण 'चोवीस' म्हणतो, म्हणजे आधी चार आणि मग वीस. कन्नडमध्ये 'इप्पत्तनाल्कु', म्हणजे आधी वीस आणि मग चार. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतात, कन्नडमध्ये तेच 'इप्पत्तोंबत्तु', सरळ वीस आणि नऊ. घरी एक, गल्लीत दुसरं ऐकणारं मूल २४ चे ४२ लिहितं तेव्हा ते गणितात कच्चं नसतं. दोन कांड्या आणि चार मणी समोर ठेवून दोन्ही भाषांत बोलू दिलं की कांड्या हलत नाहीत, फक्त नाव फिरतं, हे त्याला दिसतं.

पण खरा जीव आहे तो हजाराच्या माळेत, आणि नेमकी तीच कित्येक संचांत नसते. स्वतंत्र घ्यावी लागली तरी घ्या. १०० कांड्या कड्यांनी जोडलेल्या असतात. मणी ७ मिलिमीटरचा धरला तर नुसते मणीच ७ मीटर होतात, म्हणून वर्गात मावत नाही, व्हरांडा किंवा सोपा लागतो. मूल मोजत जातं, दर दहाला निळी आणि दर शंभराला लाल चिठ्ठी लावतं, शंभराजवळ चौकोन ठेवतं, शेवटी ठोकळा. मोजणी मध्येच सुटते. लाल चिठ्ठी असली तर मागच्या शंभरापासून पुन्हा सुरू करता येतं. काम एका दिवसात संपेलच असं नाही. झाडलोटीला माळ गुंडाळली की सगळं पाण्यात, त्यामुळे दोन दिवस ती जागा मोकळीच सोडा.

मोजून झालं की तीच माळ इतिहासाला लावता येते. शेवटचा मणी २०२४ धरा. १०० मणी मागे गेलं की १९२४, गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन. २०० मागे १८२४, राणी चन्नम्मांची कित्तूरची लढाई. ८२० मागे १२०४, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे छतावर कमळ कोरलेलं जैन मंदिर. मोठ्यांनी एवढ्याच तीन चिठ्ठ्या द्याव्यात. आजीचा जन्म, १९५६ ची राज्य पुनर्रचना, गावातली विहीर कधी खणली, हे पोरांनी विचारून आणायचं. त्या विचारपूस करण्यात भाषा येते, वजाबाकी येते, किल्ल्यातल्या कमळाचं चित्र येतं. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्या तर मुलं फक्त जोड्या जुळवतात आणि दहा मिनिटांत कंटाळतात. नलि-कलीतून, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांमधल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीतून, आलेल्या मुलांना भिंतीवरच्या पाठांच्या शिडीवरचं चिन्ह बघून स्वतः कार्ड काढायची सवय असते. त्यांना इथे फार सांगावं लागत नाही.

जोडणी नीट तपासा. लोखंडी तार खानापूरकडच्या पावसाळ्यात गंजते, मण्यांवर डाग पडतात. पितळी किंवा तांब्याची घ्या. दोऱ्यात ओवलेली कांडी सैल होते, मण्यांत फट पडते आणि मूल फटीलाच मणी समजून मोजतं. कडीचं तोंड पूर्ण मिटलेलं हवं, नाहीतर माळ उचलताना मधेच सुटते. ठेवताना घडी घालून डब्यात कोंबू नका, गुंता सोडवण्यात अर्धा तास जातो. खुंट्यांवर वळसे घालून टांगा, आणि नेताना दोघांनी मिळून न्या. सोबत आलेल्या चिठ्ठ्यांवर फक्त इंग्रजी अंक असतील तर जाड कागदाच्या नव्या कापा, एका बाजूला देवनागरी अंक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.