चीनमध्ये लोकांकडून भांडवल उभारताय? आधी कलम १७६ आणि १९२ शेजारी ठेवून वाचा

चीनमधल्या यीवू शहरात दुकान आहे, माल भरायला भांडवल हवं आणि बँक दाद देत नाही. मग वाटतं, चार लोकांकडून पैसे घेऊ, दरमहा ठरलेलं व्याज देऊ. मन साफ असेल तर भीती कसली? नेमकी इथेच चूक होते.

चिनी फौजदारी कायद्याचं कलम १७६ बेकायदा ठेवी गोळा करण्याबद्दल आहे आणि त्यात फसवायचा हेतू लागतच नाही. परवानगीशिवाय, जाहीर आवाहन करून, परताव्याची हमी देऊन, कोणाकडूनही पैसे घेतले की पुरे. १० लाख युआन जमवले किंवा १५० जणांकडून घेतले, तर खटला उभा राहू शकतो. पूर्वी जास्तीत जास्त १० वर्षं कैद होती; मार्च २०२१ पासून त्याहूनही जास्त होऊ शकते. मात्र आरोपपत्राआधी पैसे परत केले तर शिक्षा कमी होण्याची वाट आहे.

कलम १९२ पैसे गोळा करून फसवणूक करण्याबद्दल आहे; इथे हेतू पैसे लाटण्याचा असतो. खटल्यासाठी फक्त १ लाख युआन पुरतात, कमाल शिक्षा जन्मठेप. २०१५ पर्यंत देहदंडही होता. हेतू कोणी कबूल करत नाही, म्हणून न्यायालय पैशाचा माग काढतं: धंद्यात गेला की चैनीत, हिशेब आहे की नष्ट केला, माणूस पळाला का.

झेजियांग प्रांतातली उद्योजिका वू यिंग हिचं, याच कलमाखालचं प्रकरण मला राहून राहून आठवतं. तिला थेट पैसे देणारे अवघे ११ जण. ही उसनवारी आहे, असा बचाव होता. पण त्या ११ जणांनी पुढे इतरांकडून पैसे उचलले होते, आणि ते तिला ठाऊक होतं असं न्यायालयाने धरलं. २००९ मध्ये देहदंड; २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी नाकारल्यावर तो स्थगित झाला, पुढे शिक्षा घटली.

म्हणून माझं सांगणं: पैसे घ्यायचेच तर सख्ख्या ओळखीतून, लेखी, हिशेब ठेवून घ्या, आणि देणारा ते कुठून आणतोय हे विचारा. वीचॅटवर आवाहन टाकू नका.

तुम्ही पैसे देणारे असाल, तर २०२१ चा नियम कठोर आहे: अशा योजनेतलं नुकसान ज्याचं त्याने सोसायचं. ईझूबाओ या ऑनलाइन कर्ज-गुंतवणुकीच्या मंचात सुमारे ९ लाख लोक अडकले. सूत्रधाराला २०१७ मध्ये जन्मठेप झाली, तरी लोकांच्या वाट्याला जप्त मालमत्तेतून मिळेल तेवढंच येतं, आणि आधी हाती पडलेलं व्याज मुद्दलातून वजा होतं.