एनजीकेचा प्लग: खाऱ्या हवेत गाडीला आणि होडीला

मालवणात राहून गाडी आणि होडी दोन्ही सांभाळायची असेल तर स्पार्क प्लगच्या (इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो तो) बाबतीत माझं मत पक्कं आहे, एनजीके कंपनीचाच घ्या. आमच्या घरी स्कूटर, भावाची बाइक आणि काकांच्या होडीचं आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन), तिन्हीला बरीच वर्षं हाच लागतोय.

कंपनी जपानची, नागोयाची, 1936 ची. विजेच्या खांबावरचे इन्सुलेटर बनवणाऱ्या एनजीके इन्सुलेटर्समधून प्लगचा धंदा वेगळा काढला तीच ही, आणि कपबश्यांची नोरिताके, बेसिनवाली टोटो ही पण त्याच गोतावळ्यातली. म्हणजे मुळात चिनीमाती भाजण्यात मुरलेली माणसं. 2023 ला कंपनीने स्वतःचं नाव नितेरा केलंय पण प्लगवर एनजीकेच लिहिलेलं असतं.

चिनीमातीचं सांगायचं कारण, आपल्याकडे खरी परीक्षा प्लगच्या चिनीमातीच्या पांढऱ्या नळीचीच होते. खारा वारा त्यात पावसाळ्याची दमट हवा, नळीवर मिठाचा ओलसर थर बसला की करंट टोकाला ठिणगी पाडायच्या ऐवजी बाहेरूनच लोखंडाकडे पळतो आणि मशीन मिसिंग करायला लागतं. नळीवर वळ्या दिल्यात त्या यासाठीच, करंटला बाहेरून पळायला लांबचा रस्ता पडावा म्हणून. तरी अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसा आणि कॅपचं रबर चिरलं असेल तर बदला. बुडाशी तपकिरी कडं दिसतं त्याला मात्र घाबरू नका, हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे चिकटतात, गॅस लीक नसतो तो.

होडीचं मशीन टू स्ट्रोक असेल तर ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि जाळं टाकताना बराच वेळ स्लो चालवावं लागतं, त्यात प्लग काळा पडतोच. काका तर मशीन नखरे करायला लागलं की म्हणतात, "आदी प्लग काडून बघ, मगे कार्बोरेटराक हात लाय." प्लगचं टोक साधारण 450 डिग्रीच्या वर गेलं तरच काजळी जळून जाते, आणि 800 च्या वर फार गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतं, म्हणून प्लगवरचा नंबर महत्त्वाचा. उदाहरणार्थ बऱ्याच आउटबोर्डना लागणारा बी7एचएस-10 बघा, त्यात बी म्हणजे 14 मिमीचे आटे, 7 हा हीटचा नंबर (एनजीकेत आकडा लहान तेवढा प्लग गरम), एच म्हणजे आट्यांची लांबी 12.7 मिमी आणि शेवटचा 10 म्हणजे ठिणगी पडते ती गॅप 1 मिमी. मॅन्युअलमध्ये असेल तोच नंबर घ्या. लांब आट्यांचा घातलात तर पिस्टनला लागू शकतो.

टोकाला इरिडियम धातू असलेला प्लग घ्यावा का? बाइकला जरूर घ्या. टोक फक्त 0.6 मिमीचं असतं त्यामुळे ठिणगी सहज पडते, इरिडियम वितळतं 2400 डिग्रीच्या पुढे आणि साध्या प्लगमधलं निकेल 1455 लाच, म्हणून झिजतही कमी. होडीला माझ्या मते नको, ऑइलने तोही काळा होणार आणि किंमत साध्याच्या कितीतरी पट, त्यापेक्षा साधे दोन जादा प्लग प्लास्टिकच्या डब्यात बंद करून होडीत ठेवा.

डुप्लिकेटपासून मात्र खूप सांभाळा, बाजारात सर्रास मिळतात. एका दुकानात मला दिलेल्याचा वॉशर हातात घेताच गळून पडला, तिथेच परत केला. ओरिजिनलचा वॉशर सहज निघत नाही, आटे गुळगुळीत असतात, वरची वाकवलेली पट्टी बरोबर मधोमध असते आणि छपाई स्वच्छ असते.

बसवताना इंजिन थंड पाहिजे, आधी हातानेच टेकेपर्यंत फिरवा, मग नवीन असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर अगदी थोडंसंच. आट्यांना ग्रीस लावायची आपल्याकडे लय सवय आहे, पण त्यांना प्लेटिंग असतं आणि कंपनी स्वतः ग्रीस नको म्हणते, कारण ग्रीसमुळे जास्त आवळलं जातं आणि आटे ताणले जाऊन प्लग तुटूही शकतो.