झिजलेला शाफ्ट मेटल स्प्रेने भरून घेतला, त्याचा अनुभव

आमच्या पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला होता. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरत राहिली आणि ६० मिलिमीटरची जागा ५९.९२ वर आली. एवढ्यासाठी ४० किलोचा शाफ्ट भंगारात घालायला माझं मन तयार होईना.

वेल्डिंगने भरायचं नाही हे मात्र पक्कं होतं. पूर्वी एकदा दुसरीकडून तसं करून घेतलं होतं. तो शाफ्ट उष्णतेने वाकला, आणि सरळ करून बसवल्यावर काही महिन्यांत वेल्डच्या कडेलाच तुटला.

म्हणून मेटल स्प्रे, म्हणजे वितळलेल्या धातूचा फवारा मारून थर चढवणाऱ्या एका वर्कशॉपकडे गेलो. त्यांनी शाफ्ट हातात घेतल्यावर आधी डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासले, मगच काम घ्यायचं की नाही ते सांगितलं. सोबत पाठवलेला गिअर त्यांनी परत केला. एका दाताच्या मुळाशी तडा होता. शिवाय दातांवर एकाच रेषेत जोर येतो, तिथे स्प्रेचा थर टिकत नाही, असं स्पष्ट सांगितलं. काम सोडून देणारा कारागीर मला जास्त भरवशाचा वाटतो.

शाफ्टचं काम मी उभं राहून पाहिलं. लेथवर अर्धा मिलिमीटर खोल अंडरकट (झिजलेली जागा कापून खोलगट करणं), मग ग्रिट ब्लास्टिंग (कठीण कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत करणं), आधी निकेल-ॲल्युमिनियमचा पकड देणारा थर आणि त्यावर स्टील. शाफ्ट तापू नये म्हणून ते मधेमधे थांबत होते. शेवटी ग्राइंडिंग. सगळा मिळून जेमतेम २५ ग्रॅम धातू चढला असेल!

घरी आणल्यावर, म्हणजे आमच्या मेंटेनन्स शॉपमध्ये, मी तीन ठिकाणी आडवं-उभं मोजलं: सगळीकडे ६०.०१२. के६ फिटसाठी, म्हणजे बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसावं यासाठी ठरलेल्या मापाला, ६०.००२ ते ६०.०२१ चालतं, त्यामुळे बेअरिंग तापवून बसवलं ते चपखल बसलं.

तक्रारी दोन. की-वे (शाफ्टवरची चावी बसायची खाच) नीट झाकला नव्हता, आत उडालेला धातू मला कानशीने काढावा लागला. आणि मापांचा कागद मागितल्याशिवाय दिला नाही. तो आधीच मागून घ्या. स्प्रेने शाफ्टची ताकद वाढत नाही, फक्त माप परत येतं, हेही लक्षात ठेवा.

पंप आठ महिने चालू आहे. दुसरा शाफ्ट गेल्या आठवड्यात त्यांच्याकडेच पाठवला, या वेळी की-वेत लाकडी पट्टी ठोकून.