हिंगाष्टक की ओवा?
वालाची उसळ किंवा छोले जेवल्यानंतर काही तासांनी ज्यांच्या पोटात हमखास गुबारा धरतो, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. पाण्यात फसफसणारी पूड मी तुलनेतून वगळली आहे, कारण तिने येणारी ढेकर बरीचशी त्या पुडीतल्या सोड्याचीच असते. कडधान्यांचा वायू धरतो तो मोठ्या आतड्यात; त्यांतील रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर आपल्याकडे नसते आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात.

कागदावर पाहिले तर हिंगाष्टकच सरस ठरावे. सुंठ, मिरे, पिंपळी, जिरे, शहाजिरे, सैंधव आणि हिंग यांच्या जोडीला त्यात ओवा किंवा अजमोदाही असतो, म्हणजे प्रतिस्पर्धी बहुधा त्याच्या पोटातच बसलेला. ज्या दिवशी मी ते नीट घेतले, त्या दिवशी ओव्यापेक्षा अधिक हलके वाटले, हेही मान्य करायला हवे.

अडचण त्या ‘नीट’ शब्दात आहे. हिंगाष्टक पहिल्या घासाला, तुपात कालवून घ्यायचे असते आणि मला त्याची आठवण येते ती ताकभातावर. दोन वर्षे बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवून पाहिली. पाहुण्यांनी तिची चौकशी केली, मी मात्र विसरतच राहिलो. शिवाय दुसऱ्याच्या घरी पान वाढलेले असताना खिशातून चूर्ण काढणे म्हणजे यजमानांच्या स्वयंपाकावर आधीच शेरा मारण्यासारखे वाटते.

ओवा जेवणानंतर, चिमूटभर शेंदेलोणाबरोबर, चावून खाता येतो. जीभ चुरचुरते आणि दातांत कण अडकतात, पण शतपावली संपेपर्यंत पोट बहुधा मोकळे होते, निदान माझे तरी. ज्यांच्या घरी जेवणाची शिस्त आहे, त्यांनी हिंगाष्टक अवश्य घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र दोन्हीकडच्या मिठाचा विचार करावा. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिले, तर दोन्हींची गरज पुष्कळ कमी होते. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा फुगणे आठवडेच्या आठवडे टिकत असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच जावे.

माझ्या खिशात सध्या ओव्याची डबी असते. हिंगाष्टकाच्या बाटलीत गेल्या पावसाळ्यात गठ्ठा झाला, तो मी अजून फोडलेला नाही.