पेलेट ग्रिल पेटेना म्हणून फोन केला आणि १८९ डॉलर घालवून बसलो

आम्ही न्यू जर्सीत राहतो, ३ जुलैची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी चौदा माणसं जेवायला आणि फ्रीजमध्ये पनीर, चिकन मॅरिनेट करून ठेवलेलं. ऑक्टोबरपासून कव्हर घालून पडलेलं पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, चालणारं) चालू केलं तर फॅन फिरतोय, पेलेट्स आगीकडे ढकलणारा स्क्रू, म्हणजे ऑगर, फिरल्याचा आवाज येतोय, पण आग नाही. दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीनवर एरर. परत चालू केलं, परत तेच.

घाईत गूगलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला तो फिरवला. वर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलं होतं, ते नंतर दिसलं. पलीकडचा माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. मी एरर सांगितल्याबरोबर म्हणाला, सर तुमचा कंट्रोलर बोर्ड गेलाय, वॉरंटी पण संपलीय, पण आज १८९ भरलेत तर दोन वर्षं वाढवून देतो आणि बोर्ड सकाळपर्यंत दारात. त्याने मॉडेल नंबरसुद्धा विचारला नव्हता हो! मग म्हणाला, कार्ड मशीन घेत नाहीये, झेलने (फोनवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवायची सोय) पाठवा. झेलमध्ये नंबर टाकला तर कुठल्यातरी बाईचं नाव आलं, मी विचारलं तर म्हणे अकाउंट्सवाल्या मॅडम आहेत. आणि मी पाठवले. वर म्हणाला मी इकडून चेक करतो, तुम्ही चार-पाच वेळा स्टार्ट करत राहा, आणि मी शहाण्यासारखा करत राहिलो.

सकाळी बोर्ड नाही, फोन आला. रिफंडेबल डिपॉझिट म्हणून अजून २५० डॉलर, आणि ते गिफ्ट कार्डने, कार्ड घेऊन मागचे नंबर वाचून दाखवा. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, ग्रिल नाही पेटलं ते नाहीच. बँकेला फोन केला तर तुम्ही स्वतःच पाठवलेत, त्यामुळे परत मिळणार नाहीत. एफटीसीकडे (फसवणुकीच्या तक्रारी घेणारी इथली सरकारी संस्था) ऑनलाइन तक्रार टाकलीय, बघू.

सासरे आलेत सांगलीहून, आयुष्यभर वायरमनचं काम केलेलं. त्यांनी हॉपर, म्हणजे पेलेट्स भरायचा डबा, उघडला तर थंडीभर राहिलेल्या पेलेट्सचा वरचा थर ओल खाऊन फुगलेला, बोटात चुरला की भुसा. जाळी काढून खालचा फायर पॉट, म्हणजे पेलेट्स जळतात ते भांडं, बघितला तर काठोकाठ पेलेट्स, माझ्या चार-पाच स्टार्टचा प्रताप. ते म्हणाले, ही रास एकदम पेटली असती तर भडका उडाला असता. सगळं उपसलं, राख व्हॅक्युमने काढली, चांगल्या पेलेट्स घातल्या आणि परत चालू करून बघितलं तर आतला पेलेट्स पेटवणारा रॉड लालच होईना. मग प्लग काढून रॉडची वायर कंट्रोलरपासून सोडवली आणि मीटर लावला. पाणी तापवायच्या रॉडचंच पिल्लू हे, म्हणाले, पन्नास-साठ ओहम तरी दाखवायला हवा, हा काहीच दाखवत नाही, आत तुटलाय. बोर्डाला काही झालेलं नव्हतं.

त्या दिवशी मग फायर पॉटमध्ये मूठभर पेलेट्स आणि थोडं लायटर जेल टाकून हाताने पेटवलं, मॅन्युअलमध्ये तशी पद्धत दिलीय, आणि जेवण झालं एकदाचं.

आता राग कशाचा येतो ते ऐका. कंपनीचा खरा नंबर हॉपरच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर होता. सुट्टी संपल्यावर तिथे फोन केला तर त्या बाईने मॉडेल आणि सिरीयल नंबर घेतला आणि लगेच विचारलं, रॉड लाल होतो का, फॅन फिरतो का, पेलेट्स पडतात का. वॉरंटी तीन वर्षांची, माझं ग्रिल दोन वर्षांचं. रॉड फुकट पाठवला, पाच दिवसांत आला.

१८९ डॉलरचा बोर्ड काही आला नाही. सासरे रोज जेवताना विचारतात, काय जावईबापू, आलं का पार्सल?