तडकलेली काच: चिकटवायची, बदलायची की अख्खी खिडकीच काढायची?

खिडकीच्या काचेला तडा गेला की घरात लगेच दोन बाजू पडतात. एकीचं म्हणणं, चिकटपट्टी मारा, चालतंय अजून. दुसरीचं, आता हात घालायचाच तर सगळी खिडकीच नवी करून टाकू. माझं मत या दोन्हींच्या मधलं आहे आणि ते आधीच सांगितलेलं बरं: चौकट धड असेल तर ती ठेवावी आणि काच बदलावी. चिकटवण्यानं फक्त वेळ मिळतो. अख्खी खिडकी काढायची वेळ येते ती चौकट गेलेली असेल तेव्हा, नुसत्या काचेपायी नाही.

पण ठरवण्याआधी तडा कुठून निघालाय ते बघा. चेंडू किंवा खडा लागला असेल तर एका ठिपक्यापासून चहूकडे रेघा गेलेल्या दिसतात. तिथे कारण घडून संपलेलं असतं, नवी काच बसली की विषय मिटला. ठिपका कुठेच नाही, तडा कडेपासून काटकोनात निघालाय आणि पुढे नागमोडी गेलाय, तर तो उन्हाचा. काचेचा मधला भाग उन्हानं तापून फुगू पाहतो, चौकटीच्या खाचेत दडलेली कड मात्र थंड राहते आणि ताणली जाते. साध्या काचेत मध्य आणि कड यांच्यात 30 ते 40 अंश सेल्सिअसचा फरक पडला आणि कडेला एखादा बारीक टवका असला, तर तेवढ्यावर तडा जातो. काचेला चिकटून जाड पडदा, आतून लावलेली गडद फिल्म, अर्ध्या काचेवरच पडणारी सावली ही त्याची नेहमीची कारणं.

कोपऱ्यातून निघालेल्या तड्याचं दुखणं बहुधा चौकटीत असतं. ती मुरगळलेली असते, पट्टीचा स्क्रू काचेला टेकलेला असतो, नाहीतर काच इतकी घट्ट बसवलेली असते की तिला हलायला जागाच नसते. 40 अंशांच्या फरकानं 1 मीटर अ‍ॅल्युमिनिअमची लांबी सुमारे 0.9 मिमी बदलते, तेवढ्याच काचेची 0.4 मिमीसुद्धा नाही. गारठ्यात चौकट काचेपेक्षा जास्त आकसते आणि जागा सोडलेली नसेल तर काचेला आवळते. उन्हाचा किंवा चौकटीचा तडा असेल आणि कारण तसंच ठेवून नवी काच बसवली, तर तीही तडकणार.

चिकटवून कितपत भागतं

गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पारदर्शक चिकटद्रव्य, भरून बुजवतात, मग घरच्या खिडकीला तेच का चालू नये? प्रश्न रास्त आहे. गाडीची ती काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. खडा लागतो तो बहुधा बाहेरच्या काचेला, आतली काच आणि पापुद्रा शाबूत असतात. घरच्या एकेरी काचेतला तडा आरपार असतो, मागे धरून ठेवणारं काहीच नसतं. रेझिन भरल्यावर तडा दिसेनासा होतो, कारण रेझिनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, काचेच्या 1.52 च्या जवळपास जातो. दिसत नाही म्हणून मजबुती परत आली असं मात्र समजू नये.

तडा आपोआप का वाढतो, याचं उत्तर ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्यानं 1921 साली छापलेल्या निबंधात दिलं होतं. काचेवर पडणारा ताण तड्याच्या टोकाशी एकवटतो, आणि तडा जितका लांब तितका तो पुढे सरकायला कमी जोर पुरतो. त्यात हवेतली ओल टोकाशी पोचून काचेतले बंध सैल करते. म्हणून महिनोन्‌महिने शांत असलेला तडा पावसाळी हवेत, झडप एकदा आपटल्यावर, वीतभर पुढे गेलेला आढळतो.

तरीही चिकटवणं शहाणपणाचं ठरतं अशा जागा आहेत. पृष्ठभागावरचा टवका कडेपर्यंत गेलेला नसेल तर रेझिन भरणं ठीक. न उघडणाऱ्या तावदानात मधोमध बोटभर केसासारखा तडा असेल आणि खाली कोणी बसत-उठत नसेल, तर तेही ठीक. आणि जुन्या घरातली लहरी काच, जिच्यातून बाहेरचं झाड किंचित हललेलं दिसतं, किंवा आता न मिळणारी नक्षीची रंगीत काच असेल, तर ती वाचवायचा प्रयत्न जरूर करावा. तशी काच आज सहसा तयार होत नाही. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट पत्रा काढायची पिल्किंग्टन या ब्रिटिश काच कंपनीची पद्धत 1959 साली जाहीर झाली आणि तेव्हापासून जगभरच्या खिडक्यांत जवळजवळ सगळीकडे तीच गुळगुळीत काच आली.

रेझिन भरायचं तर तडा स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्यावा. त्यात ओल किंवा बोटांचं तेल राहिलं तर रेझिन आत शिरत नाही आणि दुधी रेघ कायमची उमटते. पातळ रेझिन एका टोकाला थेंब-थेंब सोडलं की ते स्वतःच तड्यात ओढलं जातं. काळी रेघ हळूहळू पुसत जाताना दिसते. वर राहिलेलं रेझिन वाळल्यावर ब्लेड आडवं धरून खरवडायचं. चिकटपट्टीचं काम याहून साधं: काचवाला येईपर्यंत तुकडे धरून ठेवणं. दोन्ही बाजूंनी लावावी आणि तेवढ्यापुरतीच ठेवावी.

ओरखड्यांना वेगळा नियम. नख अडकत नसेल असा ओरखडा सेरिअम ऑक्साइड या काच घासायच्या पुडीच्या पेस्टनं घासून जातो. नख अडकत असेल तर घासू नका. काच तिथे खोलगट होते आणि त्या जागेतून बाहेरचं वाकडं दिसू लागतं.

काच बदलायची, पण कोणती

तशीच काच परत बसवायची असा आपला पहिला विचार असतो. खरं तर चांगल्या प्रकारच्या काचेवर जायची संधी हीच आहे, कारण मजुरी, मापं, धूळ सगळं होणारच असतं.

साधी काच कुठल्याही मापात जागेवर हिऱ्यानं कापून मिळते. घाई असेल तर हिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. पण फुटते तेव्हा लांब, सुरीसारख्या कपच्या होतात. उंचावरच्या, हात न पोचणाऱ्या लहान तावदानाला, खाली कोणी बसत-उठत नसेल तर, ती बिनदिक्कत वापरावी.

टफन काच म्हणजे साधीच काच 600 अंशांच्या वर तापवून गार हवेच्या झोतात झटकन थंड केलेली. बाहेरचे थर कायमचे दाबलेले राहतात, त्यामुळे ती चार-पाच पट जोर सोसते, उन्हाचा तडाही तिला सहसा जात नाही. फुटलीच तर बारीक बोथट दाणे होतात. अट एकच आणि ती मोठी आहे: टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप 3 मिमीनं चुकलं तर अख्खी काच वाया. आणि तिची कड हा तिचा कच्चा दुवा. मधे जोरात थाप मारा, काही होणार नाही, पण कोपरा फरशीला टेकवताना टणकन लागला की क्षणात ढीग.

यातूनच एक उपयोगी खूण मिळते: तुमच्या एकेरी काचेला तडा आहे आणि ती अजून जागेवर उभी आहे, तर ती टफन नाहीच. न फुटलेली काच ओळखायची असेल तर कोपऱ्यात कोरलेला शिक्का शोधा, किंवा पोलराइज्ड गॉगल घालून आकाशाच्या दिशेनं तिच्याकडे बघा. टफन काचेवर अंधुक ठिपके किंवा पट्टे दिसतात. थंड करताना हवा ज्या जागी जोरात लागली त्यांच्या त्या खुणा.

लॅमिनेटेड काच दोन काचांच्या मध्ये पापुद्रा घालून केलेली, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेसारखीच. ती तडकते, पण खाली येत नाही. माझा कल हिच्याकडे आहे: डोक्यावर येणारी काच, खाली रस्ता असलेली खिडकी, आतून लहान मूल टेकू शकेल अशी जागा, चोरीची भीती असलेला तळमजला, इथे हीच घ्यावी. टफन फुटली की जखम होत नाही सहसा, पण खिडकीत भगदाड पडतं आणि टेकलेलं मूल थेट बाहेर. लॅमिनेटेडमध्ये तो धोका बराच टळतो, शिवाय बाहेरचा आवाज कमी येतो. न्हाणीघर किंवा पायाशी येणारी दाराची काच, जिथे धडकून इजा व्हायची भीती जास्त, तिथे टफनही उत्तम.

लॅमिनेटेडचं वजन मात्र आधी धरावं. 1 चौरस मीटर काच दर मिलिमीटरला अडीच किलो भरते. 1 मीटर बाय 1.2 मीटरचं 4 मिमीचं तावदान 12 किलोचं. तिथे 3 अधिक 3 मिमीची लॅमिनेटेड काच घातली तर साडेअठरा किलोच्या आसपास. जुन्या बिजागऱ्या आणि स्लायडिंगच्या झिजलेल्या चाकांना हा दीडपट भार झेपेल का, आणि वाढलेली जाडी खाचेत मावेल का, हे काच सांगण्याआधी बघायचं.

दुहेरी काच, म्हणजे मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा, असेल तर प्रश्न वेगळा होतो. दोन काचांच्या मध्ये पुसता न येणारं धुकं साचलं, म्हणजे कडेचं सील गेलं आणि दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीतली ओल शोषणारी पूड ओलीनं भरून गेली. भोक पाडून आतली वाफ काढून देणारे असतात. काच स्वच्छ दिसते, पण सील गेलेलंच राहतं. तो जोडच बदलावा, चौकट काढायची गरज नसते. मागवताना टॉर्च काचेपाशी धरून प्रतिबिंबं मोजा: दुहेरी काचेत चार दिसतात, आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर काचेवर उष्णता अडवणारा लेप आहे. नव्या जोडालाही तोच लेप, त्याच बाजूला सांगायचा, नाहीतर शेजारच्या काचेशी रंग जुळत नाही.

बसवायची कशी: लांबी (पुटी), पट्टी की सिलिकॉन

लाकडी खिडकीला जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली लांबी अजूनही चांगली, पण दोन अटींवर. खाचेला आधी प्रायमर हवा, नाहीतर कोरडं लाकूड तेल ओढून घेतं आणि लांबी भुगा होऊन गळते. आणि ती एकेरी साध्या किंवा टफन काचेलाच लावायची. लॅमिनेटेडचा पापुद्रा आणि दुहेरी काचेचं सील, दोन्हींना तिचं तेल बाधतं. लांबी एक-दोन आठवड्यांनी धरली की वर रंग, आणि रंगाचा हात काचेवर 2 मिमी चढवायचा म्हणजे फटीतून पाणी शिरत नाही.

लाकडी पट्टी आणि बारीक खिळे वापरले तर पुढच्या वेळी काच काढणं सोपं जातं, म्हणून नव्यानं बसवताना मी पट्टीच सुचवेन. सिलिकॉन पाणी उत्तम अडवतं, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लॅमिनेटेडच्या कडा पांढुरक्या करतं, काही धातूही खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घ्या. अ‍ॅल्युमिनिअम आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) च्या खिडकीत रबर असतं. काच बदलताना तेही बदला, कडक झालेलं जुनं रबर परत ठोकून बसवणं म्हणजे गळतीला आमंत्रण.

पद्धत कुठलीही असो, काच खाचेपेक्षा रुंदीत आणि उंचीत साधारण 3 मिमी लहान हवी, आणि खाली दोन ठिकाणी, रुंदीच्या पाव अंतरावर, रबर किंवा प्लास्टिकचे ठोकळे हवेत. काच धातूवर किंवा खिळ्यावर कधी टेकवू नये. मापं तीन ठिकाणी घ्यायची आणि त्यातलं सगळ्यात लहान धरायचं. कर्णही मोजा, ते सारखे नसतील तर चौकट तिरकी आहे.

अख्खी खिडकी कधी

लाकडाच्या खालच्या आडपट्टीत स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुतत असेल, कर्णांत मोठा फरक असेल, चौकट आणि भिंत यांच्या फटीतून पाणी येत असेल, तर नवी काच त्या चौकटीत घालणं व्यर्थ. दुसरं सबळ कारण उष्णतेचं. एकेरी काचेतून 1 अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे साडेपाच वॉटपेक्षा जास्त उष्णता जाते-येते, साध्या दुहेरीत साधारण त्याच्या निम्मी. जुनी एकेरीची खाच दुहेरीच्या जाडीला पुरत नाही, तेव्हा चौकट बदलावीच लागते. पण भिंत फोडणं, गिलावा, रंग हे सगळं मागोमाग येतं, आणि नुसती चाकं, कडी किंवा रबर खराब असेल तर ते सुटं बदलून मिळतं.

स्वतः करायचं की काचवाल्याला बोलवायचं

तळमजल्यावरची, लाकडी चौकटीची, दोन हातांत सहज मावणारी साधी काच स्वतः बदलता येते. जाड हातमोजे, चष्मा, बंद बूट घाला, काचेवर उभ्याआडव्या पट्ट्या चिकटवा आणि तुकडे वरून खाली काढत या. खालचे आधी काढले तर वरचा तुकडा मनगटावर येतो. जुनी लांबी पटाशीनं सोलताना रंग फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, म्हणून पाणी शिंपडून, मास्क लावून काम करा आणि मुलांना लांब ठेवा. कपच्या जाड कागदात गुंडाळून खोक्यात भरा, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. बाटल्यांच्या काचेबरोबर त्या टाकू नका, खिडकीच्या काचेची घडण वेगळी असते.

उंचावरची खिडकी, बाहेरून बसवायची काच, टफन, लॅमिनेटेड किंवा दुहेरी काच असेल तर काचवाल्यालाच बोलवा, आणि मापंही त्यालाच घेऊ द्या. मापं त्याची असली की न बसणारी काच बदलून देण्याची जबाबदारीही त्याचीच राहते.